तालुक्यात 'एक आरोग्य': कोणी, कधी, कोणाला कळवायचं?

मृगधारा:
माणसाचं, जनावराचं आणि भोवतालचं आरोग्य एकत्र बघायचं, हे आपल्याकडे आता धोरण म्हणून ठरलेलं आहे. जुलै २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या विज्ञान-तंत्रज्ञान सल्लागार परिषदेनं राष्ट्रीय एक आरोग्य मोहिमेला मान्यता दिली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला नागपुरात राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिथलं संचालकपद मंजूर केलं आणि तोच संचालक मोहिमेचाही प्रमुख असेल असं ठरलं. डझनाहून जास्त मंत्रालयं आणि विभाग यात आहेत.

वरचा आराखडा चांगलाच आहे. माझा प्रश्न खालचा आहे. आजार पहिल्यांदा दिसतो तो प्राथमिक आरोग्य केंद्रात, गोठ्यात नाहीतर रानात. तिथले वैद्यकीय अधिकारी, पशुधन विकास अधिकारी आणि वनरक्षक तिघं तीन खात्यांचे. यांच्यात माहिती कशी जाते, कुठे अडते, आणि खर्च कोणाच्या खात्यातून पडतो? आजार धरून लिहा. नुसतं 'समन्वय वाढवावा' असं कोणी लिहू नये ही विनंती.

माधवी_के:
आधी कायद्याचा पाया, कारण गाडी तिथूनच अडायला लागते. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय, नोंद ६. जनावरांचे आजार आणि पशुवैद्यकीय सेवा राज्यसूचीतच, पण वेगळी नोंद, १५. वनं आणि वन्यप्राणी १९७६ च्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेले. म्हणजे तीन खाती, तीन सचिव, तीन लेखाशीर्षं.

पण समवर्ती सूचीतली नोंद २९ वाचा. माणसं, जनावरं किंवा वनस्पती यांचे संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणं, असा तो विषय आहे. तिघंही एकाच वाक्यात आहेत. केंद्राला कायदा करायला जागा तिथे आहे. कायदे मात्र सुटे राहिले. माणसांसाठी १८९७ चा साथरोग कायदा, जनावरांसाठी २००९ चा संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायदा, रानासाठी १९७२ चा वन्यजीव कायदा.

२००९ च्या कायद्याचं कलम ४ तालुक्यात खरं उपयोगाचं. जनावराला यादीतला रोग झाल्याचा संशय आला तर ते ज्याच्या ताब्यात आहे त्यानं ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, तिथून नजीकच्या पशुवैद्यकाला. रानात मेलेलं माकड कोणाच्याच ताब्यात नसतं, त्यामुळे ते या साखळीत येतच नाही.

सत्तरीकार:
माधवीताईंनी माकडाचं नाव काढलंच आहे, तर माकडतापापासून सुरुवात करतो. क्यासनूर जंगलातला हा ताप १९५७ मध्ये शिमोग्यात सापडला. २०१५ ते २०१७ दरम्यान आमच्या गोव्यातल्या सत्तरीत आणि पलीकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-बांदा भागात पोचला. तीन खात्यांचा सांधा इथे जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे क्वचितच.

हंगाम साधारण डिसेंबर ते मे. नेमका त्याच काळात काजू. बोंड खाली पडतं, बी वेचायला माणूस वाकून पाचोळ्यात हात घालतो, आणि गोचिडीची पिल्लं त्याच पाचोळ्यात असतात. हीमाफायसालिस जातीची ही पिल्लं तिळापेक्षा बारीक, अंगावर चढलेली कळत नाहीत.

माकड मेलं की अंगावरच्या गोचिडी थंड पडलेलं शरीर सोडून आजूबाजूला पसरतात. म्हणून मेलेलं माकड जिथे पडलंय ती जागा माकडापेक्षा जास्त धोक्याची. करायचं ते असं:

पहिलं, हात लावायचा नाही आणि त्या वाटेनं गुरं न्यायची नाहीत. दुसरं, वनरक्षकाला फोन, कारण वनविभागाच्या परवानगीशिवाय पशुवैद्यक शवविच्छेदन करू शकत नाही. तिसरं, शक्यतो २४ तासांत नमुने काढून बर्फावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे. उन्हाळ्यात मेलेलं माकड दोन दिवसांनी सापडलं तर नमुन्यात फारसं काही उरत नाही. चौथं, शव जाळणं आणि भोवती सुमारे ५० मीटरपर्यंत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची पावडर धुरळणं. पाचवं, आसपासच्या वाड्यांत तापाचे रुग्ण शोधणं.

पहिलं काम गावकऱ्याचं, दुसरं वनखात्याचं, तिसरं पशुसंवर्धनाचं, चौथं कोणाचं ते ठरलेलं नसतं, पाचवं आरोग्य खात्याचं. पावडर कोणाच्या भांडारात आहे, याचं उत्तर हंगाम सुरू व्हायच्या आधी कागदावर हवं. माकड पडल्यावर शोधायला लागलात तर दोन दिवस जातात, आणि तेवढ्यात लोक तिथेच काजू वेचत असतात.

हिरडा:
@सत्तरीकार, यात गुरं राहिली. मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसली जाते आणि गुरांबरोबर वाडीपर्यंत येते. आरोग्य खातं माणसांना अंगाला लावायचं डेपा तेल वाटतं, पण त्या वाडीतल्या गुरांना गोचीडनाशक लावायचं काम पशुसंवर्धनाचं. दोन्ही एकाच आठवड्यात व्हायला हवीत. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला देऊ नका, ते दुधातून उतरतं. तिच्यासाठी पाठीच्या कण्यावरून ओतायचं फ्लुमेथ्रिन बघा, तेही लेबल वाचूनच.

आणि काजूवाल्यांसाठी: पूर्ण बाह्या, विजारीचे पाय मोज्यात खोचलेले, घरी आल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात, आणि अंग साबणानं घासून आंघोळ. दारात कपडे वाळत टाकून ठेवले तर गोचिडी घरात.

शंकासूर:
जरा विरोधी सूर लावतो. यासाठी नवी मोहीम कशाला? एकात्मिक रोग सर्वेक्षण आहे, जिल्ह्याला प्राणिजन्य रोगांची समिती आहे, राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. अडचण पदं रिकामी असण्याची आहे. दवाखान्यात पशुवैद्यक नाही, केंद्रात डॉक्टर नाही, तर कोण कोणाला फोन करणार? आधी माणसं भरा, मग मोहिमा काढा.

मृगधारा:
@शंकासूर, रिकाम्या पदांबद्दल शंभर टक्के मान्य. पण जिथे तिन्ही पदं भरलेली आहेत तिथेही फोन जात नाही. त्यामागे आळसापेक्षा हिशोब जास्त आहे. काम एकाच्या खात्यातून होतं आणि वाचलेला पैसा दुसऱ्याच्या खात्यात दिसतो. कुत्र्यांचं लसीकरण बघा. खर्च पालिकेचा किंवा पशुसंवर्धनाचा. ते नीट झालं तर वाचते ती आरोग्य खात्याची माणसांची लस. ज्याचा खर्च त्याला फायदा दिसत नाही, मग दर वर्षी त्याच ओळीला कात्री लागते.

सत्तरीकार:
रेबीजवर गोव्याचं उदाहरण द्यायलाच हवं. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकारचं पशुसंवर्धन खातं यांनी २०१४ पासून सलग काम केलं. वर्षाला लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस. २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं.

पद्धत महत्त्वाची. पथकं वॉर्डवार फिरतात, पाळीव कुत्रा हातानं धरतात, भटका जाळ्यानं. लस दिली की अंगावर रंगाची खूण आणि मोबाइलवर जागेसह नोंद. मग वेगळी माणसं त्याच भागात फिरून खूण असलेली आणि नसलेली कुत्री मोजतात. खूण असलेली ७० टक्क्यांच्या खाली आली तर पथक परत त्याच गल्लीत. ही दुसरी मोजणी हाच सगळ्याचा कणा. किती लसी टोचल्या हा आकडा निरुपयोगी, किती टक्के कुत्री सुरक्षित झाली हा खरा. शिवाय संशयित कुत्र्यासाठी चोवीस तासांचा फोन, शाळांमधून मुलांना शिकवणं, आणि मेलेल्या कुत्र्याच्या मेंदूची तपासणी.

प्रकाश७१:
गोवा छोटं राज्य हो. दोनच जिल्हे. महाराष्ट्राच्या एकेका जिल्ह्याएवढा पसारा. तिथलं इथे लागू होत नाही.

सत्तरीकार:
@प्रकाश७१, गोव्याएवढं काम एका जिल्ह्यात करता येतं असंच तुम्ही म्हणताय. मग एक जिल्हा घ्या, तीन वर्षं सलग करा. शेजारच्या जिल्ह्यातून कुत्री येतात हे खरं, त्यासाठी सीमेवरची गावं दर वर्षी आधी घ्यायची. मध्ये एक वर्ष सोडलं की नवी पिल्लं येतात, जुनी मरतात आणि ७० टक्के कधीच घसरलेलं असतं.

डॉ_मंजिरी:
रेबीजची माणसांकडची बाजू लिहिते, कारण यातही खात्यांचा सांधा आहे. २८ सप्टेंबर २०२१ ला आरोग्य आणि पशुसंवर्धन या दोन्ही मंत्रालयांनी मिळून २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. दोघांची सही असलेला कागद ही मोठी गोष्ट.

चावल्यावर: वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून १५, कारण माणसं दोन मिनिटांत थांबतात. हळद, चुना, तिखट काही नाही. टाके शक्यतो घालायचे नाहीत. त्वचेत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर वेळी दोन ठिकाणी ०.१ मिली. स्नायूत द्यायची तर ०, ३, ७, १४, २८. रक्त आलं असेल तर सीरम (तयार प्रतिपिंडं) हवंच: घोड्याचं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाचं असेल तर २०. ते जखमेत आणि जखमेभोवती टोचायचं. सगळं कमरेत टोचून मोकळं होतात, ही अजूनही दिसणारी चूक.

अडतं कुठे? त्वचेत द्यायच्या पद्धतीत एका कुपीत अनेक रुग्ण होतात, पण उघडलेली कुपी सहा ते आठ तासांतच वापरावी लागते. लहान केंद्रात दिवसाला एकच रुग्ण आला तर उरलेली वाया. मग तिथला माणूस रुग्णाला 'तालुक्याला जा' म्हणतो, आणि मजुरी बुडते म्हणून तिसरा-चौथा डोस राहतो.

दुसरा अडथळा कुत्र्याची बातमी. चावलेला कुत्रा १० दिवस धडधाकट राहिला तर पुढचे डोस थांबवता येतात. पण कुत्र्यावर लक्ष कोण ठेवणार? केसपेपरवर कुत्र्याचा रकाना असतो, तो पशुवैद्यकाकडे जात नाही. आणि कुत्रा मेला तर त्यानं आणखी कोणाला चावलंय ते शोधायचं काम कोणाच्याच यादीत नाही. केसपेपरच्या त्या रकान्याचा फोटो त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याला गेला तरी पुष्कळ होईल.

निसर्गवेडा:
कुत्र्यांवरून गिधाडं. विषयांतर वाटेल, पण नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि ते गिधाडानं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं जातात. नव्वदच्या दशकात गिधाडं संपत आली, मेलेली गुरं उघड्यावर सडली, कुत्री वाढली. गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली, असा अंदाज २०२४ मध्ये एका अर्थशास्त्रीय अभ्यासात मांडला गेला.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी २००६ ची. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जायला लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांची कुपी ३ मिलीवर आणली. २०२३ मध्ये जनावरांसाठी केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक बंद, डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइड. दर वेळी एक औषध बंद होऊन दुसरं पुढे येतं, कारण परवानगी देतानाच 'हे गिधाडाला चालतं का' हे विचारलं जात नाही. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड सुरक्षित आहेत. दवाखान्याच्या मागणीपत्रात हीच दोन नावं छापून टाका, प्रश्न अर्धा सुटेल.

शंकासूर:
हे मला नवीन. ३ मिलीच्या कुपीमागे गिधाड आहे हे किती औषधवाल्यांना माहीत असेल?

डॉ_गोठा:
आता ब्रुसेलोसिस, म्हणजे गाई गाभडण्याचा (गर्भ पडण्याचा) आजार. २०१९ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुतासोबत हाही घेतला. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच एस-१९ लस. वाक्य सोपं, चुकायच्या जागा बऱ्याच:

लस जिवंत जंतूंची आहे. टोचणाऱ्याच्या बोटात सुई गेली तर त्यालाच आजार होऊ शकतो, म्हणून हातमोजे आणि चष्मा सक्तीचा, आणि सुई लागली तर लपवू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. नर वासराला आणि गाभण गाईला कधीच देऊ नये. आठ महिन्यांवरच्या कालवडीला दिली तर पुढे रक्ततपासणीत ती आजारी असल्यासारखी दिसू शकते. म्हणून कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासमोर लसीची तारीख चढलीच पाहिजे. शीतसाखळी २ ते ८ अंश. मिसळलेली लस बर्फावर ठेवून लगेच संपवायची, दुपारभर गावात फिरवायची नाही.

गाय पाचव्या महिन्यानंतर गाभडली आणि वार अडकली तर ब्रुसेलाचा संशय धरूनच वागा. उघड्या हातानं वार ओढणं हा माणसाला लागण होण्याचा अगदी सरळ मार्ग. खांद्यापर्यंतचे मोजे, तोंडाला मास्क. गर्भ, वार आणि भिजलेलं गवत खोल खड्ड्यात चुन्यासह पुरा. कुत्र्यांनी ओढून नेलं तर सगळ्या गावात पसरलं.

माणसाकडे हा आजार येतो तेव्हा ताप चढतो-उतरतो, रात्री घाम, सांधे-कंबर धरलेली. विडाल तपासणीवर विषमज्वराचं औषध दिलं जातं किंवा क्षयाचा संशय घेतला जातो. @डॉ_मंजिरी, तुमच्याकडे दोन आठवड्यांवरच्या तापाला एक प्रश्न जोडता येईल का: 'तीन महिन्यांत घरची किंवा शेजारची गाय गाभडली का?'

डॉ_मंजिरी:
जोडता येईल, आणि जोडायलाच हवा. दोन गोष्टी वर घालते. रक्ताचं कल्चर पाठवताना चिठ्ठीवर 'ब्रुसेलाचा संशय' असं स्पष्ट लिहा, प्रयोगशाळेतल्या माणसालाच लागण होण्याचा धोका असतो. आणि उपचार सहा आठवड्यांचे: डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, जोडीला रिफाम्पिसिन किंवा सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन. दहा दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या सोडल्या की आजार उलटतो. रिफाम्पिसिन द्यायच्या आधी क्षय नाही याची खात्री करा, नाहीतर क्षयाचे जंतू त्या औषधाला सरावतील.

प्रकाश७१:
@डॉ_गोठा, कागदावर सगळं ठीक. गाय तपासणीत आजारी निघाली तर शेतकऱ्यानं काय करायचं? दूध डेअरी घेणार नाही, गाय ठेवली तर गोठा बाधित. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलांची कत्तल पूर्ण बंद. मग ती गाय बाजारात जाते आणि आजार दुसऱ्या गावात. म्हणून कोणी तपासणीच करून घेत नाही.

डॉ_गोठा:
बरोबर बोललात, आणि धोरणातली ही मोठी पोकळी आहे. दुसऱ्या देशांत तपासा, मारा आणि भरपाई द्या असं चालतं. आपल्याकडे मधला पर्याय बंद, मग निदान तिसरा तरी वेगळ्या रूपात हवा: बाधित गाय वेगळी ठेवायला चारा-अनुदान आणि बिल्ल्यावर विक्रीबंदीची नोंद. तोवर दूध उकळूनच वापरा. उकळल्यानं जंतू मरतात, तेव्हा आजारी गाईचं सगळं दूध ओतून द्यायची गरज नाही. कच्च्या दुधाचं चीज, कच्चा खरवस मात्र नको.

माधवी_के:
यात शेतकऱ्याचं नाव फुटण्याचाही प्रश्न आहे. खात्या-खात्यांत माहिती जावी, पण गावाच्या व्हॉट्सॲप गटावर नको. एकाचं दूध नाकारलं गेलेलं पाहिलं की पुढचे दहा गाभडलेली गाय लपवतील.

गोरसवाली:
दुधाचं निघालंच आहे म्हणून प्रतिजैविकांबद्दल. गाईला दगडी (कासेची सूज) झाली की सडात ट्यूब सोडतात. लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही ते लिहिलेलं असतं, औषधागणिक वेगळं. ते दिवस न पाळता दूध घातलं की सगळ्या कॅनला औषध लागतं. उकळून ते जात नाही. घरच्या घरी लक्षात येणारी खूण अशी: विरजण नीट असून आणि ऊब असूनही दही लागत नाही, कारण विरजणातले जंतूच त्या औषधानं मरतात. हे पुरावा म्हणून पुरेसं नाही, पण दूधवाल्याला विचारायला पुरेसं आहे.

कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध, खाद्यप्राण्यांसाठी जुलै २०१९ पासून बंद. प्रतिजैविक-रोधाचा पहिला राष्ट्रीय कृती आराखडा २०१७ चा, दुसरा २०२५ ते २०२९ साठी नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. यातही मृगधारा म्हणतात तेच. ट्यूब न वापरायचा तोटा शेतकऱ्याचा, वाचणारा पैसा दवाखान्याचा. म्हणून डेअरीनं स्वच्छ दुधाला लिटरमागे जास्तीचे पैसे दिले तरच हे टिकतं.

पाणीपट्टी:
तिन्हींतला तिसरा, म्हणजे भोवताल, अजून कोणी घेतला नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिलान-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. काही रुग्णांच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात सहज राहतो. जुलाब होऊन जातात आणि एक ते तीन आठवड्यांनी पायांतली ताकद जाते. म्हणजे मेंदूविकार विभागातल्या रुग्णाचं मूळ पाण्यात नाहीतर कच्च्या मांसात, आणि ते शोधायला पाणीपुरवठा, पशुसंवर्धन आणि अन्न प्रशासन तिघंही लागतात.

हा जंतू क्लोरिनला टिकत नाही. नेहमीच्या मात्रेत मरतो. म्हणून गावात एकच काम नीट करा: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर.

विहिरीतलं पाणी मोजा. व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, गुणिले १०००. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर सुमारे ३७,७०० लिटर. १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल धरलं तर साधारण १९० ग्रॅम. हे ताज्या, ३३ टक्के क्लोरिन असलेल्या पावडरीचं गणित. ओलसर खोलीत तोंड उघडं राहिलेलं पोतं २० टक्क्यांवर येतं, मग तेवढ्याच पावडरीत १.६५ ऐवजी लिटरला १ मिलिग्रॅमच पडतो.

पावडर थेट विहिरीत फेकू नका, तळाशी बसते. बादलीत आधी पेस्ट, मग पाणी, ढवळून दहा मिनिटं बसू द्या, वरचं निवळ विहिरीत, चुना बाहेर. एक तास थांबा. मग ओटी तपासणी (थेंब टाकून क्लोरिनचा पिवळा रंग बघणं), आणि ती टाकीजवळच्या नळाची नको, गावाच्या शेवटच्या नळाची. ०.२ पीपीएम तिथे यायला हवं. टाकीखाली गडद पिवळं आणि शेवटच्या नळाला कोरं, म्हणजे मध्ये गळती आहे आणि गटार आत येतंय.

प्रकाश७१:
ओटीचा रंग कधी बघायचा? आमच्याकडे जलसुरक्षक बाटली घेऊन ग्रामपंचायतीत येतो, मग वाचतात.

पाणीपट्टी:
@प्रकाश७१, तिथेच घोळ होतो. थेंब टाकल्यावर दहा सेकंदांत दिसतो तो मुक्त क्लोरिन, खरा उपयोगाचा. पंधरा मिनिटांनी बघाल तर जोडलेला क्लोरिनही रंगात येतो आणि पाणी आहे त्यापेक्षा सुरक्षित वाटतं. नळाजवळच वाचायचं, नळाजवळच लिहायचं.

निसर्गवेडा:
बर्ड फ्लूचा उल्लेख हवा. देशातला पहिला उद्रेक आपल्याच नवापूरचा, फेब्रुवारी २००६. तेव्हापासून कोंबड्यांची कार्यपद्धती बसलेली आहे: बाधित जागेपासून १ किमीत पक्षी नष्ट, १० किमीपर्यंत पाळत. पण डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. मांजरवर्गाला हा विषाणू बाधलेल्या मांसातून होऊ शकतो. कच्चं चिकन गोठवलं तरी विषाणू मरत नाही, शिजवलं तरच मरतो. प्राणिसंग्रहालयाला मांस पुरवणाऱ्या फार्मची तपासणी कोण करतं, हा प्रश्न वन आणि पशुसंवर्धन यांच्या मधोमध पडलेला आहे. आणि पिंजरे धुणाऱ्या माणसाच्या तापाकडे दहा दिवस आरोग्य खात्यानं बघायचं असतं, त्यांना यादी वेळेवर मिळाली तर.

हिरडा:
ही यादी मिळण्यावर बोलू. आरोग्याचं आयएचआयपी पोर्टल देशभर २०२१ पासून आहे. आरोग्यसेविका संशयित रुग्ण भरते, डॉक्टर संभाव्य, प्रयोगशाळा निश्चित. जनावरांचं वेगळं, 'भारत पशुधन'. तिसरं ॲप काढायची गरज नाही. दोन्हीकडे गावाचा एलजीडी कोड (सरकारनं प्रत्येक गावाला दिलेला क्रमांक) नीट भरला तर त्या कोडवर दोन्ही याद्या एकत्र लावता येतात. सध्या गावाचं नाव हातानं टाइप होतं, 'खुर्द' आणि 'बुद्रुक' गळतं, आणि तापाचे रुग्ण एका गावात, गाभडलेल्या गाई भलत्याच गावात दिसतात.

शंकासूर:
हे पटलं. माझा मूळ मुद्दा सोडत नाही, पण हे बिनखर्चाचं आहे आणि उद्या करता येईल.

मृगधारा:
मूळ प्रश्नाकडे. वरचं वाचून जिल्हा समितीसाठी मसुदा करायला घेतलाय. एका पानावर पाच घटना: मेलेलं माकड किंवा कावळे, गाभडलेली गाय, चावणारा संशयित कुत्रा, एका वस्तीत अचानक जुलाब, दोन आठवड्यांवरचा ताप. प्रत्येकीसमोर पहिला फोन कोणाला, किती तासांत, नमुना कोण काढणार, आणि खर्चाचं लेखाशीर्ष. शेवटचा रकाना भरल्याशिवाय पान मंजूर करू नये अशी टीप घालतेय.

खर्चाचं एक: २०२३ मध्ये सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या मदतीच्या पशुआरोग्य प्रकल्पात पाच राज्यं आहेत आणि महाराष्ट्र त्यात आहे. प्रयोगशाळा, प्रशिक्षण यासाठी जिल्ह्यानं तिथे मागणी करावी. कुत्र्यांच्या लसीसाठी आरोग्य आणि पशुसंवर्धन दोघांच्या नावानं एकच प्रस्ताव, म्हणजे वाचलेल्या माणसांच्या लसी त्याच कागदावर मोजता येतील.

डॉ_गोठा:
मसुद्यात नमुन्याच्या पॅकिंगचा रकाना घाला. बरेच नमुने रस्त्यातच फुकट जातात. तीन थर: नमुन्याची घट्ट झाकणाची नळी, तिच्याभोवती शोषून घेणारा कापूस आणि न गळणारा डबा, बाहेर बर्फाच्या पिशव्यांसह थर्माकोलची पेटी. बर्फाचे सुटे खडे नकोत, वितळून लेबल धुतलं जातं. लेबल पेन्सिलनं किंवा पाण्यात न पुसणाऱ्या पेननं. विषाणूसाठी वाहक द्रावणाची नळी, जंतूसाठी वेगळी, एकाच नळीत दोन्ही नाही. फॉर्ममध्ये जनावराचा बिल्ला क्रमांक, गावाचा कोड, आणि त्या घरात माणूस तापानं आजारी आहे का, हो किंवा नाही.

सत्तरीकार:
आणि निघण्याआधी प्रयोगशाळेला फोन. शुक्रवारी दुपारनंतर काढलेला नमुना शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात उन्हात पडतो. तसं असेल तर तो फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर ठेवून सोमवारी पहाटेच्या गाडीनं पाठवा, किंवा वनविभागाची गाडी त्याच रात्री पुण्याला जाणार असेल तर तिच्यात द्या. त्या गाडीच्या डिझेलचं बिल कोणी भरायचं, तेही त्याच पानावर लिहा.